आमचे साडू आणि फितूर कावळा

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके मिळून आमच्या साडूंइतका स्वतःवर विश्वास असलेला माणूस दुसरा नाही, आणि इतक्या विश्वासानं इतका मोठा चुकलेला माणूस तर आख्ख्या पुणे जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, गावोगावची माणसं अजूनही फौजदार म्हणतात, आणि ते स्वतःला काय म्हणवतात ते माझ्या दुकानाबाहेरच्या पाटीवर लिहिलंय. जुन्नरच्या बाजारपेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे. हल्ली फोटो काढायला कुणी येत नाही, म्हणून मी फ्लेक्स छापतो. वाढदिवस, निवड, अभिनंदन आणि श्रद्धांजली. यातलं शेवटचं गिऱ्हाईक सगळ्यात खात्रीचं. नोकरी गेल्यावर साडू माझ्याकडं आले, मागच्या खोलीतलं माझं टेबल मला न विचारता खिडकीपाशी ओढलं आणि पाटीचा मजकूर सांगितला: 'खाजगी तपास. माजी पोलीस उपनिरीक्षक (बडतर्फ).' मी म्हटलं, "अहो, ते कंसातलं कशाला?" तर म्हणाले, "साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. लपवलं तर लोक म्हणतील, हा माणूस माहिती दडवतो. आपला धंदाच माहितीचा." मी शहाणपणा करून कंसातलं अक्षर बारीक घेतलं होतं. त्यांनी ती पाटी परत पाठवली आणि सगळी अक्षरं एका मापात करून घेतली. गंमत अशी, की गिऱ्हाईक तो कंस वाचूनच आत येतं. साहेबानं एवढं स्वतःचं सांगितलं, तर आपलंही ऐकून घेईल, असं वाटत असावं.

नोकरी सुटली तरी भाषा काही सुटली नाही. जेवायला बसले की आमटीचा एक भुरका मारून शांतपणे सांगतात, "सदर आमटीत मीठ नसल्याचं दिसून येतंय." माझी मोठी मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, त्यांच्यावर सवाई. ती म्हणते, "मग करा पंचनामा, पण ताट रिकामं झाल्यावर." माझ्या पुतण्याच्या लग्नात नवरदेव मांडवात उशिरा उगवला, तेव्हा हे सगळ्या वऱ्हाडासमोर खणखणीत आवाजात म्हणाले, "इसम मिळून आला." मिशा पांढऱ्या झाल्यात, पोट सुटलंय, पण चालताना उजवा हात अजून कमरेपाशी जातो. तिथं पूर्वी पिस्तूल असायचं, आता चष्म्याचं घर असतं. चुकून कुणी त्यांच्याकडं बघून बिचकलंच, तर स्वारी दिवसभर खुशीत असते.

वेषांतर हा त्यांच्या धंद्यातला त्यांचा सगळ्यात लाडका भाग. वेषांतर म्हणजे काय, तर डोक्याला पांढरी टोपी घालायची. बाकी मिशा त्याच, बूट तेच, खाकरणंही तेच. एकदा गावातली एक बाई डोळ्याला पदर लावत आली. घर माळकऱ्यांचं, नवरा दर गुरुवारी काहीतरी निमित्त काढून डिंभ्याला जातो, तिकडं त्याचं दुसरं घर आहे असा तिला दाट संशय. साडूंनी टोपी घातली आणि त्या गृहस्थाच्या पाठोपाठ एसटीत चढले. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय फौजदार, आज कुनाच्या पाळतीवर?" सगळी गाडी वळून बघायला लागली, त्यात तो गृहस्थही. दुसरा कुणी पुढच्या थांब्याला उतरला असता. हे म्हणाले, "घरगुती काम आहे," आणि खिडकीतून धरणाकडं बघत बसले. डिंभ्याला तो माणूस पाण्याकाठच्या एका घरात शिरला, हे समोरच्या झाडाखाली दुपारभर बसून राहिले. परतीची एसटी डिंभ्याला येते तेव्हा येते, त्या दिवशी आलीच नाही. दिवस कलल्यावर तो गृहस्थ मित्राची मोटारसायकल घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "फौजदार, बसा मागं. गाडी न्हाई यायची आज." साडू बसले. घोडेगाव यायच्या आत त्या माणसानं आपणहून सगळं सांगून टाकलं, "चार पिढ्यांची माळ हाये घरात. पन मला माशाबिगर जमत न्हाई, काय करू? मित्राकडं येतो, माळ खुंटीला ठिवतो, जेवतो, हात धुतो आन माळ परत घालतो." दुसऱ्या दिवशी साडूंनी त्या बाईला तोंडी अहवाल दिला: "चौकशीअंती दुसरं घर, दुसरी बाई असं काहीही मिळून आलं नाही." ती सुखानं घरी गेली. मी विचारलं, "आणि मासे?" तर म्हणाले, "तिनं माशांचं विचारलं नव्हतं. विचारलं तेवढंच सांगावं आणि खरं सांगावं. जास्त सांगायला गेलो तेव्हाच नोकरी गेली."

डोकं मात्र तल्लख, हे मी कबूल करतो, नाही म्हणायला माझी जीभ झडेल. आमच्याकडं बिबट्यांचा सुळसुळाट असल्यामुळं कुणाचीही काहीही वस्तू गेली तरी पहिलं नाव बिबट्याचं येतं. एका मळ्यातली शेळी गेली. सालगडी शपथेवर सांगत होता, बिबट्या आला, मी डोळ्यांनी बघितला, एवढाले डोळे. मालक साडूंना घेऊन गेला. साडूंनी गोठ्यात एक चक्कर मारली, खुंटीकडं बोट केलं आणि म्हणाले, "बिबट्यानं शेळी नेली हे मान्य. पण जाताना दावं सोडून, वेटोळं करून, खुंटीला लावून गेला. लई वळणाचा बिबट्या दिसतोय." शेळी संध्याकाळी गड्याच्या मेव्हण्याच्या घरी जिवंत मिळून आली.

एवढा हुशार माणूस, पण त्यांच्या तीन खोडी अशा आहेत की मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं. पहिली म्हणजे माणूस मेला यावर त्यांचा विश्वास बसत नाही. माझ्याकडं कुणी रडवेलं होऊन श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी फोटो घेऊन आलं, की मागच्या खोलीतून आवाज येतो, "समक्ष पाहिलंत का?" गिऱ्हाईक विचारतं, "कुनाला?" "मयताला. स्वतःच्या डोळ्यांनी?" यानं माझी किती गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात गेली असतील ते त्यांनाच माहीत. आमचे दोघांचे सासरे गेले तेव्हा डॉक्टर तपासून गेले होते, बायकांनी गळा काढला होता, तेवढ्यात यांनी सगळ्यांना हातानं थांबवलं, माझ्या नाकावरचा चष्मा काढून म्हाताऱ्याच्या नाकाशी धरला, बराच वेळ काचेकडं बघितलं आणि म्हणाले, "आता रडा." माझी बायको तेराव्यापर्यंत त्यांच्याशी बोलत नव्हती. दुसरी खोड बटणांची. बोलता बोलता समोरच्याच्या सदऱ्याचं बटण चिमटीत धरायचं आणि त्याचा दोरा न्याहाळायचा. एका पुढाऱ्याचं बटण असंच धरलं, तर त्याला वाटलं हे प्रेमानं जवळ घेतायत. त्यानं यांना मिठी मारली आणि माझ्याकडून त्याचा फोटोही काढून घेतला. आणि तिसरी खोड कावळ्याची. कावळा दिसला की साडूंच्या कपाळावर आठी पडते. पितृपंधरवड्यात मेव्हणी पत्र्यावर घास ठेवते, तेव्हा हे खालून म्हणतात, "त्याला कशाला बोलावतेस? तो फितूर साक्षीदार आहे."

आणि हाच माणूस दोन्ही तालुक्यांतली एक दशक्रिया चुकवत नाही. आमच्याकडं दशक्रिया म्हणजे चार माणसांचा घरगुती विधी नव्हे. सकाळच्या पारी नदीकाठी मांडव, स्पीकर, पाच-सातशे माणूस, महाराजांचं प्रवचन, मग पुढाऱ्यांची भाषणं, त्यात मयताविषयी दोन शब्द आणि विरोधकांना चार टोमणे. त्याच गर्दीत सोयरिकी जुळतात, ट्रॅक्टर विकले जातात, कुणाचा पोरगा कुणाबरोबर कुठं दिसला ते कळतं. साडू म्हणतात, "दहा खबऱ्यांना वर्षात कळत नाही ते घाटावर एका सकाळी कळतं." ते अगदी खरं आहे. पण भात-पिंड मांडला, लोक मागं सरले आणि सगळ्यांच्या माना कावळ्याच्या वाटेकडं वळल्या, की हा एकटा माणूस पाठमोरा होतो. सगळ्या घाटावर कावळ्याकडं पाठ आणि माणसांकडं तोंड करून उभा असलेला एकच इसम असतो, तो म्हणजे आमचा साडू. नवख्या लोकांना वाटतं, बंदोबस्ताला आलाय.

याचं मूळ सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. साडूंची नेमणूक आमच्याच भागात होती तेव्हाची गोष्ट. आण्याच्या पठारावरचे दोन चुलतभाऊ, किसन आणि बबन. बांधावरून त्यांचं कडाक्याचं भांडण झालं, आणि त्याच रात्री किसन नाहीसा झाला. काही दिवसांनी तिकडं डिंभ्याच्या पाण्यात एक प्रेत मिळालं. चेहरा ओळखण्यापलीकडं गेलेला, अंगात पट्ट्यापट्ट्यांचा सदरा. किसनच्याही अंगात तसाच सदरा होता. तसले सदरे त्या वर्षी आठवडे बाजारात ढिगानं विकले जात होते, पण ते साडूंना कुणी सांगायचं? पोलिसांना फोटो लागले की तेव्हा मलाच बोलावणं यायचं, त्यामुळं त्या सदऱ्याचे फोटो मीच काढलेत. त्याचं वरून दुसरं बटण वेगळं होतं, तपकिरी, आणि जाड हिरव्या दोऱ्यानं शिवलेलं. किसनची बायको रडता रडता म्हणाली होती, "सायेब, ह्यो दोरा आमच्या घरचा न्हाई." साडू म्हणाले, "कुठंतरी लावून घेतलं असेल." झालं. प्रेत किसनचं ठरलं आणि खुनी बबन ठरला. बबनकडून कबुली कशी घेतली ते मी इथं लिहीत नाही. साडू जगातल्या सगळ्या गोष्टी रंगवून सांगतात, पण ती त्यांनीही कधी रंगवून सांगितलेली नाही.

किसनची दशक्रिया गावच्या पाझर तलावाच्या काठी झाली. माझाच फ्लेक्स होता, म्हणून मीही गेलो होतो. सगळं यथासांग झालं, फक्त कावळा शिवेना. समोरच्या लिंबावर दहा-बारा कावळे बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. बायको म्हणाली, पोरांना शिकवीन. भाऊबंद म्हणाले, बांधाचा तंटा मिटवू. सासरा म्हणाला, गाय इकनार न्हाई. कावळे ढिम्म. ऊन डोक्यावर आलं, भाषणं करून पुढारी निघून गेले, स्वयंपाक निवत चालला. शेवटी साडू वर्दीत पुढं झाले, टोपी काखेत घेतली आणि पिंडासमोर हात जोडून म्हणाले, "काळजी करू नका. तुमचं काम आता माझ्याकडं आहे. तडीला नेल्याशिवाय मी गप्प बसत नाही." त्यांचं वाक्य संपायला आणि कावळ्यानं झेप घ्यायला एकच गाठ पडली. सगळ्या काठावर अशी कुजबुज झाली म्हणता, की काय विचारू नका. लोक म्हणाले, कावळ्यानंसुद्धा फौजदाराचा तपास मान्य केला. साडूंच्या मनात तोवर एखादी शंका असलीच, तर ती कावळ्यानं पिंडाबरोबर उचलून नेली.

वर्ष भरत आलं. किसनच्या वर्षश्राद्धाचा एक फ्लेक्स स्टँडवर लागला होता, दुसरा माझ्या मशीनवर चालू होता. वरून हळूहळू फोटो उतरत होता. कपाळ आलं, डोळे आले, मिशा यायच्या होत्या. तेवढ्यात दारातून कुणीतरी विचारलं, "भाऊ, ष्ट्यांडवरचा त्यो बोर्ड तुमी छापला व्हय?" मी मान वर न करता म्हणालो, "पावणं, जरा दम धरा, हा एक निघू दे." आणि मग वर बघितलं. मशीनवर जे कपाळ आणि जे डोळे उतरले होते, तेच कपाळ आणि तेच डोळे पिशवी घेऊन दारात उभे. भांडणाच्या रागात किसन गुजरातेत कामाला निघून गेला होता. राग निवल्यावर परत आला, तर एसटी स्टँडवर स्वतःचीच भावपूर्ण श्रद्धांजली. मी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि ते पाणी मीच पिऊन टाकलं.

बबन सुटला. साडूंची चौकशी होऊन नोकरी गेली, आणि जायलाच हवी होती, हे माझ्याआधी साडूच म्हणतात. पाटी लागल्यावर थोड्याच दिवसांत बबन दुकानात आला. साडू खुर्चीवरून उठून उभे राहिले, सावधानमध्ये. बोलायला तोंड उघडलं, तर बबननंच हात वर केला. म्हणाला, "माफीबिफी ऱ्हाऊ द्या फौजदार. ती घिऊन मी काय करू? ज्याच्यापायी मी वरीसभर आत बसलो त्यो कोन व्हता, येवढं मला सांगा. त्याच्या घरी कोनतरी वाट बघत आसंल का न्हाई?" मी चहा मागवला होता. तो त्यानं बाजूला सारला. "चा त्याचं नाव सापडंल त्या दिशी," म्हणाला आणि गेला. साडू अजून सावधानमध्येच होते. मग मला म्हणाले, "कावळ्यासमोर मी शब्द दिला होता, काम तडीला नेतो म्हणून. मी किसनला दिला असं मला वाटलं. पण पिंड ज्याचा होता, शब्द त्यालाच गेला की."

तेव्हापासून त्या बटणांची खोड. तो हिरवा दोरा मासे धरायच्या जाळ्याचा, एवढं त्यांनी लवकरच शोधून काढलं. मग डिंभ्याच्या खेपा सुरू झाल्या. पाण्याकाठच्या एकेका वस्तीवर जायचं, जाळी वाळत घातलेली दिसली की विचारायचं, "तुमच्याकडचं कुणी हरवलंय का?" सगळीकडं एकच उत्तर, "न्हाई बा." वर्षांमागून वर्षं गेली. मधूनमधून बबन बाजाराला आला की दुकानात डोकवायचा, नुसती भुवई वर करायचा. साडू मान हलवायचे. चहा यायचा, निवायचा आणि मी तो ओतून द्यायचो. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, सोडून द्या आता. इतक्या वर्षांनी कुठं सापडतंय?" तर साडू असे तापले, की तसं तापलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "पोलिसानं एकदा प्रेताचं नाव सांगितलं की दुसरं नाव कुणाच्या मनात तरी येतं का? मी त्याचं नाव पुसलंय. ते मीच लिहिणार."

आणि ते लिहिलं गेलं ते त्यांच्या त्या वेडपट सवयीमुळंच. गेल्या वर्षी घोड नदीच्या काठी एका म्हाताऱ्याची दशक्रिया होती. मीही होतो. पिंड मांडला गेला, माणसांच्या माना कावळ्याकडं वळल्या, आणि साडू नेहमीप्रमाणं पाठमोरे झाले. त्यामुळं सगळ्या घाटावर त्यांना एकट्यालाच ती म्हातारी दिसली. बायकांच्या घोळक्याच्या कडेला बसलेली, मांडीवर कापडी पिशवी, आणि पिशवीचा बंद जाड हिरव्या दोऱ्यानं शिवलेला. साडू तिच्यापाशी जाऊन खाली बसले. या खेपेला मात्र त्यांनी कुणी हरवलंय का, असं विचारलं नाही. म्हणाले, "आजी, मुलं किती तुम्हाला?"

"येकच हाये. लक्षुमन," म्हातारी म्हणाली. "चाकनला आसतंय, कंपनीत."

"येतो का घरी?"

"रुसलंय माझ्यावं. गाडीपायी शेरडं इक म्हनत व्हतं, मी न्हाई म्हनले. तसंच निघून गेलं. तवाधरनं आलं न्हाई, फोन बी न्हाई. लई रागीट हाये बापावानी."

"जाताना अंगात काय होतं, आजी?"

"पट्ट्याचा सदरा. बटान तुटलं व्हतं, त्ये मीच लावलं, त्याच्या बापाच्या सदऱ्याचं काढून. घरात दोरा न्हवता म्हनून जाळ्याचा लावला." मग तिनं यांच्या तोंडाकडं बघितलं. "तुमाला भेटला का काय त्यो?"

आमच्या साडूंना मी पहिल्यांदाच गोंधळलेलं पाहिलं. "चौकशी करून घरी येतो, आजी," एवढंच म्हणाले, वस्तीचं नाव विचारून घेतलं आणि माझ्या मोटारसायकलवर मागं बसले. जुन्नरला आल्यावर म्हणाले, "सगळ्यांना विचारत होतो, हरवलंय का. जिचा हरवलाय तिला तो हरवलाय हेच कुठं ठाऊक होतं?" मी कॉम्प्युटरमधला तो जुना फोटो काढला आणि नुसत्या बटणाचा मोठा करून छापला. साडूंनी बबनला फोन केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं होडीनं धरणाच्या पलीकडच्या वस्तीवर गेलो. म्हातारीनं फोटो हातात घेतला, उजेडात नेला, मग आत जाऊन नवऱ्याचा जुना सदरा घेऊन आली. तपकिरी बटणं तशीच होती, फक्त एकाची जागा रिकामी. तिला काही सांगावं लागलं नाही. साडू मात्र उभे राहिले आणि सगळं सांगितलं: प्रेत कधी मिळालं, आपण कसं चुकलो, नाव दुसऱ्याचं कसं लावलं, आणि या बबनला त्यापायी काय भोगावं लागलं. एकदाही 'सदर' म्हणाले नाहीत. म्हणाले, "घरून निघाला त्या दिवसांतच पाण्यात गेला असणार, आजी. तो कुठं जाऊन राहिला नाही. तुमच्यावर रुसून बसायला त्याला वेळच मिळाला नाही."

म्हातारीनं सदऱ्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "मंजी बेवारशीच गेला माझा लक्षुमन. कुनी दहावं बी केलं न्हाई त्याचं."

"केलंय," साडू म्हणाले. "सगळं रीतसर केलंय, आजी. मांडव होता. पाच-सातशे माणूस होतं. महाराजांचं प्रवचन झालं, दोन पुढारी बोलले. लोक जेवून गेले. मी पिंडासमोर हात जोडून उभा होतो."

"आन कावळा?"

मी साडूंकडं बघितलं. विचारलं तेवढंच सांगावं आणि खरं सांगावं, असं म्हणणारा हा माणूस.

"शिवला," साडू म्हणाले. "पिंड ठेवला आणि लगेच शिवला. मी समक्ष पाहिलंय."

लगेच. आम्हाला त्या दिवशी ऊन डोक्यावर येईस्तोवर ताटकळत ठेवलं होतं त्या कावळ्यानं. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण चेहरा सैल झाला. "मंग गाडीचा राग न्हवता त्याच्या मनात," ती म्हणाली. "राग आसता तर शिवला नसता." साडू म्हणाले, "नव्हता, आजी. काही नव्हतं मनात." थोड्या वेळानं ती उठली आणि चूल पेटवून तिनं कोरा चहा केला. बबननं कप हातात घेतला. "लक्षुमन," असं एकदा हळूच म्हणाला, नाव पाठ करावं तसं, आणि चहा प्यायला. साडूंचा कप हातात तसाच राहिला.

परत येताना होडीत मी त्यांना म्हटलं, "लगेच शिवला काय?" साडू पाण्याकडं बघत होते. म्हणाले, "इतकी वर्षं त्या कावळ्याला फितूर म्हणत होतो. आता मीही त्याच्याच रांगेत." पुढं ते रीतसर ठाण्यात गेले, जिथं पूर्वी सलाम घ्यायचे तिथं बाकावर बसून राहिले, आणि लक्ष्मणचं नाव लागेपर्यंत हेलपाटे घालत राहिले. पाटीवरचं कंसातलं मी आता काढू का, म्हणून विचारलं, तर माझ्यावरच डाफरले. पाटी तशीच आहे, टोपी तशीच आहे, आमटीचे पंचनामेही चालूच आहेत. कुणाचं बटण मात्र आता धरत नाहीत. परवा एका दशक्रियेला गेलो होतो. पिंड मांडला, लोक मागं सरले, आणि साडू पाठमोरे झाले नाहीत. सगळ्यांबरोबर कावळ्याच्या वाटेकडं बघत उभे होते. कावळा यायला उशीर व्हायला लागला, तशी सगळ्या घाटावर सगळ्यात जास्त घालमेल त्यांचीच चालली होती.